तालमीच्या खोलीतील मांडणी

वाद्यवृंदाच्या तालमीत एक तक्रार आपण सर्वांनीच ऐकली आहे : “माझे मलाच ऐकू येत नाही!” मग गिटारवाला ॲम्प्लिफायरचे बटण फिरवतो, की-बोर्डवालाही फिरवतो, आणि शेवटी गायिकेचा गळा बसतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली मांडले. तेव्हा दोष स्वभावाचा कमी, मांडणीचा अधिक.

आरंभ ड्रमपासून करावा, कारण त्याला बटण नाही. इतरांनी त्याच्याशी जुळेल इतकाच आवाज ठेवावा. ॲम्प्लिफायरमधून उंच स्वर सरळ रेषेत निघतात. तो जमिनीवर असला तर ते वादकाच्या पोटऱ्यांवर आदळतात, कानी पडत नाहीत. म्हणून तो स्टुलावर चढवावा किंवा मागे कलता ठेवावा. कोपरा टाळावा; तेथे दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात. गाण्याचा नेहमीचा मायक्रोफोन पाठीमागचे फारसे टिपत नाही. म्हणून स्पीकर त्याच्या पाठीशी, गायकाकडे तोंड करून ठेवावा. उलट ठेवला, की तोच आवाज फिरफिरून आत शिरतो व कर्कश शिट्टी सुरू होते.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही तज्ज्ञांनी घातलेली एक मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलांमागे वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात अवघी १५ मिनिटे! अंतःकर्णातील मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. वाद्य नवे घेता येते, कान नव्हे.