कंबरेचा रिपोर्ट: ओके की रिजेक्ट?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर रिपोर्टच वाचतो. पण स्वतःच्या कंबरेचा एमआरआय हातात आला आणि पार भंबेरी उडाली. 'एल४-एल५ डिफ्यूज डिस्क बल्ज, डेसिकेशन, थीकल सॅकवर इंडेंटेशन.' वय फक्त ३१! आईनं त्याच संध्याकाळी बाइकची किल्ली काढून घेतली. मित्र म्हणाला, "भावा, गादी सरकली म्हणजे ऑपरेशनच!"

डॉक्टरांनी मात्र फिल्म बाजूलाच ठेवली. आधी टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. आडवं झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला. मग रिपोर्ट.

दोन मणक्यांमधली गादी म्हणजे डिस्क. बाहेर चिवट कडं, आत मऊ गर. कडं चौफेर थोडं फुगलं की बल्ज. एकाच जागी पुढं आलं की प्रोट्रूजन. गर कडं फोडून बाहेर आला की एक्स्ट्रूजन. डेसिकेशन म्हणजे गादीतलं पाणी कमी झालंय, म्हणून ती फिल्मवर काळपट दिसते. थीकल सॅक ही नसांची पिशवी; तिला गादी जराशी टेकलीय, एवढंच.

खरा धक्का पुढं होता. १९९४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्यांहून जास्त लोकांत बल्ज! २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात तर काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या ३० टक्के लोकांत बल्ज, आणि ऐंशीतल्या ८४ टक्के. म्हणजे केस पिकावेत तसंच काहीसं.

आमच्याकडेही कास्टिंगवर डाग दिसला म्हणून लगेच रिजेक्ट मारत नाही. तो कुठं आहे, लोडच्या जागी आहे का, ते बघतो. इथंही तेच. एल४-एल५ ची गादी नस दाबत असेल तर सहसा कळ पोटरीच्या बाहेरून पायाच्या अंगठ्याकडे जाते, अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो. त्याखालच्या गादीनं नस दाबली तर पोटरीमागून करंगळीकडे, आणि चवड्यावर उभं राहणं जड जातं. माझं दुखणं फक्त कंबरेत, तेही आठ तास खुर्चीत बसल्यावर. पायात काहीच नाही. मग त्या बल्जवर सगळं खापर कशाला?

गंमत म्हणजे बाहेर आलेला गर शरीर बऱ्याचदा स्वतःच शोषून घेतं. पायात कळ जाणारे बहुतेक जण काही आठवड्यांत, महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात.

पण लघवी अडली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या मधला, बसायचा भाग बधिर झाला, पाऊल लुळं पडू लागलं, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथं हयगय नको.

मला बेड रेस्ट नाही मिळाली. उलट चालायला सांगितलं. आता इंटरकॉम सोडून मी स्वतःच शॉपफ्लोअरवर जातो. दुखणं निम्म्यावर आलंय. बाइकची किल्ली मात्र अजून आईच्याच कपाटात आहे. १९९४ चा अभ्यास तिला पटलेला नाही.