पारव्याला दाणे, माणसाला समाधान

कधीतरी सकाळी मोंढ्यात चक्कर मारून बघा. नांदेडचा असो की लातूरचा, पोत्यातून सांडलेल्या धान्यावर पारवे उतरलेले दिसतील. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. तरीही एखादे आजोबा खिशातून मूठभर ज्वारी काढतात आणि त्यांच्यापुढे टाकतात. खाली एवढं धान्य पडलंय, मग ही मूठ कशासाठी?

सरळ उत्तर म्हणजे पुण्य! आपल्याकडे पहिली पोळी गायीची, पितृपक्षात घास कावळ्याचा आणि साखरेची चिमूट मुंग्यांची. जैन समाजात जीवदया हे तर मोठं व्रत. गोदावरीच्या घाटावर कणकेच्या गोळ्या टाकून मासे जमवणारेही याच वाटेचे. पण एवढ्यानं कोडं सुटत नाही. देव न मानणारा आपला होस्टेलवाला मित्रही सबमिशनच्या आदल्या रात्री गॅलरीत उभा राहून मेसच्या पोळीचे तुकडे टाकतो. त्याला कुठलं पुण्य पाहिजे? फार तर पासिंगपुरतं!

खरं कारण आपल्या अभ्यासक्रमातच आहे. ते म्हणजे फीडबॅक. आपण पेपर दिला की निकाल यायला महिने लागतात. झाड लावलं तर सावलीला वर्षं लागतात. दाणे टाकले की मात्र दोन सेकंदांत पंखांचा फडफडाट! एवढ्या लवकर आणि एवढं स्पष्ट उत्तर जगात फार थोड्या गोष्टी देतात. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली कबुतरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कबूतर काहीही करो, ठराविक वेळानं त्याच्यापुढे दाणे यायचे. दाणे आले तेव्हा जे कबूतर गोल फिरत होतं, ते पुन्हा पुन्हा गोल फिरायला लागलं. बक्षीस मिळालं की वागणूक पक्की होते, असा हा हिशोब. आता हाच हिशोब उलटा लावून बघा. आपण दाणे टाकतो, थवा येतो, मनाला बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी पाय आपोआप गॅलरीकडे वळतात. मग कोण कुणाला शिकवतंय?

दुसरं कारण विश्वासाचं. मोकळं पाखरू माणसापासून दूर पळतं. ते आपल्या पायाशी येऊन टिपायला लागलं की आपली निवड झाल्यासारखं वाटतं. हा निव्वळ भास नाही बरं का. २०११ साली जाहीर झालेल्या पॅरिसमधल्या एका अभ्यासात एका स्त्रीनं कबुतरांना निवांत खाऊ दिलं, तर दुसरीनं हाकललं. पुढे दोघींनी अंगातले कोट बदलले. तरी कबुतरं हाकलणारीलाच टाळत राहिली. म्हणजे ती माणूस ओळखतात. घरापासून लांब राहणाऱ्या पोराला किंवा मुलं पुण्या-मुंबईला गेलेल्या आजोबांना ‘कुणीतरी आपली वाट बघतंय’ असं वाटणं ही काही छोटी गोष्ट नाही.

आता पाखराची बाजू बघू. पारवा मूळचा कडेकपारीतला. औसा, उदगीर, कंधारच्या किल्ल्यांत आणि जुन्या विहिरींच्या कोनाड्यांत तो आजही राहतो. आपल्या सिमेंटच्या बिल्डिंगा त्याच्या लेखी कडेच. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते, साधारण १८ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. नर-मादी दोघंही आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं द्रव्य पिल्लांना भरवतात. त्यामुळे पिल्लांसाठी किडे शोधायची गरज नाही आणि खायला भरपूर असलं तर बाराही महिने वीण चालू. थोडक्यात, आपण टाकलेल्या दाण्यांची पुढे अंडी होतात. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सुमारे २० हजार कबुतरं होती. १९८८ पासून तिथं लोकांना ‘खायला घालू नका’ हे समजावलं आणि ठराविक खुराड्यांतून अंडी काढली. चारेक वर्षांत संख्या निम्म्यावर आली.

थवा वाढला की विष्ठा वाढते. वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासातून सतत आत गेली तर काहींच्या फुफ्फुसांना सूज येते आणि पुढे ती कायमची निकामीही होऊ शकतात. मुंबईत याच मुद्द्यावर २०२५ मध्ये केवढा वाद पेटला! जुलैमध्ये सरकारनं शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याचं विधान परिषदेत सांगितलं. ऑगस्टच्या सुरुवातीला महापालिकेनं दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला आणि ६ ऑगस्टला जमावानं ती ताडपत्री फाडली. उच्च न्यायालयानं सार्वजनिक आरोग्याला महत्त्व दिलं. एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला दमेकऱ्याचा श्वास. दोन्हीकडे माणसंच होती आणि दोन्हीकडची कळकळ खरी होती. म्हणूनच भांडण एवढं चिघळलं.

आपल्या होस्टेलात ताडपत्रीची वेळ येऊ नये, एवढं आपल्या हातात आहे. गॅलरीत पोळी टाकणाऱ्याचा आनंद वरच्या मजल्यावर असतो आणि घाण खालच्या खोलीच्या खिडकीवर. रूम पार्टनरला दमा असेल तर विचारायलाच नको. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं तर सगळ्यांच्याच पिण्याच्या पाण्याचा प्रश्न. विष्ठा झाडायची असेल तर आधी पाणी मारून ओली करावी आणि नाकाला फडकं बांधावं. सफाईवाल्या मावशींनी कोरडी धूळ खायची आणि पुण्य आपण घ्यायचं, हा कुठला न्याय?

मग पाखरांसाठी काहीच करायचं नाही का? करायचं ना! एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. माणसांची ही गत, तर पाखरांची काय असेल? आपल्याकडच्या उन्हाळ्यात खरी टंचाई पाण्याची असते. झाडाच्या सावलीत, खोल्यांपासून दूर एक पसरट मातीचं भांडं ठेवा. रोज घासा, पाणी बदला, नाहीतर डास होतील. कॅम्पसवर बाभूळ, कडुनिंब, बोर टिकवा. चिमणी, बुलबुल, साळुंकी आपोआप येतील. आता खरं सांगायचं तर इथं फीडबॅक उशिरा मिळतो. भांडं ठेवल्यावर आठवडाभर कुणी फिरकणारही नाही कदाचित. पण हात पुढे करण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : भूक पाखराची आहे, की आपली? आपली असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तिचं बिल खालच्या मजल्यावर जाऊ नये.