चव आपली, नाव कुणाचं?

मिरचीच्या हंगामात धर्माबादेत डोळ्यांतून पाणी यायचंच. पण आमच्या बचत गटातल्या मावशींच्या डोळ्यांत त्या दिवशी आलेलं पाणी ठसक्याचं नव्हतं.

"ताई, आपल्याच चटणीचं नाव लावून विकायलाय की तो!" त्यांनी पुडी पुढे टाकली. नाव तेच, चित्र तेच, चटणी मात्र आमची नव्हे. दोन वर्षं आमचा माल नेणाऱ्या व्यापाऱ्यानेच ती काढली होती. वकिलांनी विचारलं, "नावाची नोंदणी आहे? निदान जुन्या पावत्या, लेबलं?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

मैत्रिणींनो, मला तेव्हा दादाजी खोब्रागडे आठवले. गाव नांदेड, पण आपलं नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं. तिसरी शिकलेल्या या शेतकऱ्याला १९८३ मध्ये धानाच्या शेतात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या जपून, निवडून, पुन्हा पुन्हा पेरून त्यांनी बारीक, चवदार तांदूळ तयार केला. एचएमटी घड्याळांची तेव्हा चलती होती, म्हणून तांदूळही 'एचएमटी'! १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं. १९९८ मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण प्रसारित झालं. शुद्धीकरण आमचं, असं विद्यापीठाचं म्हणणं. दादाजींना पुढे पुरस्कार मिळाले, २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने दखल घेतली. पण ३ जून २०१८ रोजी ते गेले, तोवर घरची ओढाताण काही संपली नव्हती.

शोध बाजारात जायलाच हवा, डब्यात झाकून काय उपयोग? पण जाताना शोधणाऱ्याचं नाव मागे राहू नये. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यालाही आपलं वाण नोंदवता येतं, त्याला नोंदणी फी पडत नाही. नवं यंत्र किंवा नवी पद्धत काढली असेल, तर चारचौघांत सांगण्याआधी पेटंटचा अर्ज करायचा. मिळालं तर अर्जापासून वीस वर्षं हक्क. आपल्या चटण्या-मसाल्यांना पेटंट मिळणं अवघड. तिथे प्रमाण आपल्यापाशीच ठेवायचं आणि नाव, चित्र यांचा ट्रेडमार्क घ्यायचा. एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये; नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येते. नोंदणी नसली तरी आधीपासून वापरत असल्याचा पुरावा कामी येतो. म्हणून पहिल्या पुडीपासून पावत्या, लेबलं, तारखा वहीत चिकटवून ठेवा. आम्ही तेवढंही केलं नव्हतं.

जुनं नाव सोडून आम्ही नवं घेतलं. मूळ कृती मावशींची, म्हणून सगळ्यांच्या संमतीने अर्ज त्यांच्या नावे केला. सही करताना त्यांचा हात थरथरत होता. म्हणाल्या, "सातबाऱ्यावर तर कधी नाव लागलं नाही माझं. चटणीवर तरी लागू द्या!"