बाई, चॉकलेटने कोलेस्टेरॉल उतरतं का?

वाढदिवस असला की वर्गात चॉकलेटं वाटायची, ही आता आपल्या खुलताबादेतही रीतच होऊन बसली आहे. अशाच एका वाढदिवशी चौथीतल्या एका मुलाने आपलं चॉकलेट खाल्लंच नाही, खिशात ठेवलं. विचारलं तर म्हणाला, “पप्पांना देणार. त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय. मोबाइलवर आलं होतं, चॉकलेटने ते उतरतं. मग गोळी बंद करता येईल ना, बाई?”

पोराची माया खरी, पण गोळी बंद करायची म्हणजे गंमत नव्हे! तेव्हा, मुलांनो, हे प्रकरण आपण नीटच पाहू या. आईबाबांनाही शेजारी बसवा.

कोलेस्टेरॉल हे काही विष नाही, बरं का. पेशींची आवरणं आणि पित्त तयार करायला ते लागतंच, आणि बरंचसं आपलं यकृत स्वतःच बनवतं. अडचण एवढीच, की ते आहे तेलकट. वाटीभर पाण्यात तेलाचा थेंब टाकून पाहा, मिसळतो का? रक्तातही तसंच. म्हणून शरीर त्याची प्रथिनांत बांधलेली गाठोडी करून पाठवतं. एल.डी.एल. नावाची गाठोडी यकृताकडून शरीरभर माल नेतात. ती फार झाली, की माल रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचू लागतो. एच.डी.एल. नावाची गाठोडी उरलेला माल परत यकृताकडे आणतात. पेशी एल.डी.एल. रक्तातून कशा उचलून घेतात, हे शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आता चॉकलेटकडे वळू. ते होतं कोकोच्या बियांपासून. कोकोचं झाड विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण २० अंशांपर्यंतच्या पट्ट्यात वाढतं. नकाशा काढून पाहा, आपलं खुलताबाद बरोबर २० अंशांच्या आसपासच आहे! पण कोकोला दमट हवा आणि सावली लागते, आपल्या कोरड्या डोंगरावर तो कसला टिकतोय? आपल्या देशात तो केरळ, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू इकडे नारळ-सुपारीच्या बागांत लावतात. फळं फणसासारखी थेट खोडाला लागतात. आतल्या बिया आंबवून, वाळवून, भाजून घेतात.

या बियांत जवळजवळ निम्मी चरबी असते. मग चॉकलेटने कोलेस्टेरॉल वाढायलाच हवं, नाही का? इथेच गंमत आहे. या चरबीतला सुमारे एक तृतीयांश भाग स्टिअरिक आम्लाचा असतो, आणि ते एल.डी.एल. वाढवत नाही. (पाल्मिटिक आम्ल मात्र वाढवतं, आणि तेही तिच्यात असतं. म्हणजे ही चरबी अगदीच साधीभोळी नाही.) शिवाय बियांत फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात. कोकोची कडू-तुरट चव बरीचशी त्यांचीच. मोबाइलवर कौतुक चालतं ते यांचं.

ते कौतुक खोटं नाही, पण किती खरं? २०११ साली डार्क चॉकलेट आणि कोकोच्या १० प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. माणसं होती ३२०, आणि प्रयोग २ ते १२ आठवड्यांचे. एल.डी.एल. सरासरी ६ मिलिग्रॅमच्या आसपास उतरलं, एकूण कोलेस्टेरॉलही तेवढंच. एच.डी.एल.मध्ये दखल घ्यावी असा फरक नाही. आता वजाबाकी करा : एखाद्याचं एकूण कोलेस्टेरॉल २४० असेल, तर उरलं २३४. ते असावं २०० च्या आत! उलट, डॉक्टर देतात त्या स्टॅटिन गोळ्यांनी एल.डी.एल. साधारण एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त उतरतं. तेव्हा पालकांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नका.

याहून मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, २१ हजारांवर वयस्क लोकांवर. निकाल २०२२ साली आला. त्यांना रोज चॉकलेट नव्हे, तर कोकोच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या. हृदयविकाराने होणारे मृत्यू त्यात कमी दिसले, पण झटके, पक्षाघात वगैरे सगळं धरून जो मुख्य हिशेब होता, त्यात फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही. आणि कॅप्सूलमध्ये साखर नव्हती, हे विसरू नका. १०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये सुमारे ६०० कॅलरी असतात. तेवढ्या रोज खाल्ल्या तर वजन काय म्हणेल?

श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला शहरातून पायी येणारी मंडळी तुम्ही पाहता ना? तसं थोडंथोडं रोज चालणं, डाळी-कडधान्यं, फळं, वनस्पती तुपाला आवर, याचा उपयोग कोलेस्टेरॉलला नक्की होतो.

आणि खिशातल्या त्या वाढदिवसाच्या चॉकलेटचं काय? त्याचं वेष्टन टाकून देऊ नका, वाचा. जो घटक सर्वांत जास्त, तो यादीत सर्वांत आधी लिहितात. बहुतेक स्वस्त चॉकलेटांवर पहिली साखर भेटेल, मग वनस्पतीजन्य चरबी; कोको बिचारा मागे कुठेतरी. कोको बटर महाग, म्हणून त्याऐवजी पाम किंवा हायड्रोजनेटेड तेल घालतात. अशा तेलांतून येणारी ट्रान्स चरबी एल.डी.एल. वाढवते आणि एच.डी.एल. कमी करते. आपल्याकडे २०२२ पासून खाण्याच्या तेला-तुपात तिची मर्यादा २ टक्के केली आहे. कोको पावडरच्या डब्यावर ‘अल्कलाइज्ड’ लिहिलं असेल, तर कडवटपणा घालवताना त्यातली बरीच फ्लॅव्हनॉलही गेली, असं समजा.

घरात जेवढी वेष्टनं सापडतील तेवढी वहीत चिकटवा, आणि प्रत्येकावर कोको कितव्या नंबरला आहे ते शेजारी लिहा पाहू!