दोन नाकांमधील रस्ता

श्रोतेहो, ‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मीं वर्गांत मुलांना कितीदां तरी समजावून सांगितली असेल. पण ती स्वतः अनुभवण्याचा योग मला साठी उलटल्यावर आला, आणि तोहि फ्रान्स देशांत! माझे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहतात. गेल्या उन्हाळ्यांत ते, सूनबाई, दहा वर्षांचा नातू आणि मी असे चौघेजण मोटारीमागें कॅरव्हॅन जोडून फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आठ दिवस राहून आलों. त्यांतील एका दिवसाची हकीकत आज सांगणार आहें.

कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरची एक लहानशी खोली. निजावयाच्या बैठका, गॅसची शेगडी, पाण्याची टांकी एवढा संसार तींत मावतो. ती ओढून नेण्याचेंहि एक शास्त्र आहे. जड सामान चाकांच्या आंसावर ठेवावें लागतें. तें मागच्या टोकाला गेलें, तर वेगांत ती खोली हेलकावे खाऊं लागते आणि मोटारीलाहि आपल्याबरोबर हिसके देते. म्हणून अनुभवी लोक एखाद्या तळावर ती उभी करतात, कोपऱ्यांचे पाय खालीं सोडून स्थिर करतात आणि मोकळ्या मोटारीनें आसपासचा मुलूख पाहतात. आम्हींहि तसेंच केलें. विसाँ या गांवाजवळ बिऱ्हाड ठेवून एके सकाळीं आंतल्या हमरस्त्यानें कॅलेस गेलों, व तेथून बूलोनपर्यंतचा सुमारें चाळीस किलोमीटरांचा रस्ता समुद्राच्या कडेनें पाहात निघालों.

नकाशा समोर घेतला म्हणजे या रस्त्याचें महत्त्व कळतें. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील समुद्र येथें सर्वांत अरुंद आहे. डोव्हरपासून ग्री-ने भूशिरापर्यंतचें अंतर अवघें ३३ किलोमीटर. हवा स्वच्छ असली कीं पलीकडचे पांढरे कडे नुसत्या डोळ्यांनीं दिसतात. पलीकडचा कांठ दिसूं लागला म्हणजे माणसाला स्वस्थ बसवत नाहीं, आणि याची साक्ष हा रस्ता पावलोपावलीं देतो.

कॅले सोडतांच ब्लेरिओ-प्लाज हें गांव लागतें. ‘प्लाज’ म्हणजे समुद्रकांठची पुळण. पूर्वीं या वस्तीला ‘ले बराक’ म्हणत. २५ जुलै १९०९ रोजीं पहाटे लुई ब्लेरिओ हा २५ अश्वशक्तीच्या विमानांतून येथून उडाला आणि सुमारें ३७ मिनिटांत डोव्हरला उतरला. गांवानें पुढें त्याचेंच नांव घेतलें. परंतु मला अधिक भावलें तें पुढें रस्त्यालगत असलेलें दुसऱ्याच एका वैमानिकाचें स्मारक. ह्यूबर्ट लॅथम हा ब्लेरिओच्या सहा दिवस आधीं याच किनाऱ्यावरून उडाला होता. वाटेंत यंत्र बंद पडलें व विमान समुद्रावर उतरवावें लागलें. ब्लेरिओ पोहोंचल्यानंतर दोनच दिवसांनीं लॅथमनें पुन्हा प्रयत्न केला, तोहि फसला. तरीहि त्याचा पुतळा येथें उभा आहे. नापास मुलांचीं नांवें कोणी छापीत नाहीं. येथें नापास झालेल्याचा पुतळा पाहून माझ्यांतील मास्तर क्षणभर अंतर्मुख झाला.

यानंतर चढ लागतो आणि ‘ब्लाँ-ने’, म्हणजे ‘पांढरें नाक’, हें १३४ मीटर उंचीचें भूशिर येतें. हा सारा कडा खडूचा आहे. कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं सूक्ष्म जीवांचीं कवचें सांचत गेलीं व त्यांचा हा दगड बनला. हल्लीं फळ्यावरचा खडू पुष्कळदां जिप्समचा करतात; खरा खडू तो हा. डोव्हरचे कडेहि खडूचेच. एके काळीं हे दोन्ही किनारे खडूच्या एकाच कण्यानें जोडलेले होते. हिमयुगांत उत्तरेकडील प्रचंड सरोवराचें पाणी त्या बांधावरून कोसळलें आणि खिंड पडली, असें भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. निसर्गानें तोडलेली ती वाट माणसानें समुद्राच्या तळाखालून पुन्हा जोडली. खडू आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाचा एक थर तेथें आहे. त्यांतून पाणी सहसा झिरपत नाहीं. त्याच थरांतून ५० किलोमीटरांचा बोगदा नेला असून त्यांतील सुमारें ३८ किलोमीटर समुद्राखालीं आहेत. १९९४ सालीं तो खुला झाला. आम्हीहि मोटार आणि कॅरव्हॅन आगगाडींत चढवून त्यांतूनच आलों होतों. ३५ मिनिटें लागलीं.

विसाँची लांबलचक पुळण ओलांडली कीं ‘ग्री-ने’, म्हणजे ‘करडें नाक’ येतें. खडू येथें संपतो आणि दगड राखी होतो. या ठिकाणाशीं आपलाहि एक धागा जुळलेला आहे. १९५९ सालीं कलकत्त्याच्या आरती साहा येथूनच समुद्रांत उतरल्या. ऑगस्टमधील त्यांचा पहिला प्रयत्न इंग्लंडचा किनारा कांहीं मैलांवर असतांना सोडावा लागला. २९ सप्टेंबरला मात्र सोळा तासांहून अधिक पोहून त्यांनीं पलीकडचा कांठ गांठला. हा पराक्रम करणाऱ्या त्या आशियांतील पहिल्या महिला. पुण्याच्या रोहन मोरे यांनींहि ही खाडी पोहून पार केली आहे.

याच भूशिरावर समुद्रावरील देखरेखीचें व सुटकेचें सरकारी केंद्र आहे. रबरी होड्यांतून चोरून पलीकडे जाऊं पाहणाऱ्या निर्वासितांसाठीं येथून नौका धाडतात, असें चिरंजीवांनीं सांगितलें, तेव्हां नातवानें विचारलें, “आजोबा, ते लोक आपल्यासारखे बोगद्यांतून कां नाहीं जात?”

चाळीस वर्षें मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं; पण येथें अडखळलों. बोगद्याच्या तोंडाशीं आमचीं पारपत्रें तपासलीं होतीं. माझ्या पारपत्रावर दोन्ही देशांच्या परवानग्या होत्या, म्हणून मी खुर्चीवर बसून पलीकडे आलों. त्या लोकांजवळ असे कागद नसतात. २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं अशी एक होडी या समुद्रांत बुडाली आणि निदान २७ माणसें दगावलीं. पोहणाऱ्याच्या बाजूला सोबतीची नौका असते; त्याला थकल्यावर वर घेतात. घरदार मागें टाकून निघालेल्याला तेवढाहि आधार नसतो. मीं नातवाला इतकेंच सांगितलें, “बाळ, पाणी सर्वांना सारखेंच आहे, वाट मात्र सर्वांना सारखी नाहीं.”

बूलोनच्या अलीकडे विमरे नांवाचें टुमदार गांव आहे. मार्च १८९९ मध्यें मार्कोनीनें येथून डोव्हरजवळच्या केंद्राशीं बिनतारी संदेशांची देवघेव करून दाखविली. श्रोतेहो, माझा आवाज आज आपल्या घरांत येतो, त्या विद्येच्या बालपणींचें हें एक पाऊल. शब्दानें समुद्र ओलांडला, तेव्हां त्याचे कागद कोणी तपासले नाहींत, हा विचार मनांत येऊन गेला.

रात्रीं कॅरव्हॅनमधल्या लहानशा मेजावर नातवानें नकाशा पसरला आणि दिवसभराच्या खुणा केल्या. ब्लेरिओच्या गांवीं विमान काढलें, किनाऱ्याखालीं बोगदा, करड्या नाकावर पोहणारी बाई, विमरेला बिनतारीचा खांब. मग पेन्सिल थांबवून म्हणाला, “आजोबा, होडी कुठें काढूं? तिचें तर स्मारकच नव्हतें.”

मीं म्हटलें, “दोन्ही कांठांच्या मध्यें काढ.” त्यानें ती तेथें काढली.