गाळातील किरणोत्सर्गाचे मोजमाप

भीमाशंकरी उगम पावणारी भीमा पुणे जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर उजनीच्या यशवंतसागर जलाशयात विसावते. बारामती व इंदापूर तालुक्यांच्या दक्षिणेकडून वाहणारी नीरा सोनगावजवळ कऱ्हेला सामावून घेते आणि नरसिंगपूर येथे भीमेला मिळते. या नद्या पाण्याबरोबर मातीही वाहून आणतात. ही माती कोठून आली, हे तिच्यातील अल्पसा किरणोत्सर्ग सांगू शकतो.

नैसर्गिक आणि कृत्रिम

किरणोत्सर्ग म्हणताच मनात भीती उभी राहते. परंतु प्रत्येक शेताच्या मातीत युरेनियम, थोरियम व किरणोत्सर्गी पोटॅशियम निसर्गतःच असते. दख्खनचा काळा पाषाण ग्रॅनाइटच्या तुलनेने या द्रव्यांत दरिद्री आहे. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूत मात्र थोरियमचे प्रमाण मोठे आहे.

सीझियम-१३७ हे द्रव्य मात्र मानवनिर्मित होय. १९४५ ते १९८० या काळात वातावरणात झालेल्या अण्वस्त्र चाचण्यांतून ते जगभर पसरले व पावसाबरोबर जमिनीवर उतरले. १९६३ च्या सुमारास हे प्रमाण सर्वाधिक होते. त्याचे अर्धायुष्य ३० वर्षांचे असल्याने त्या वेळच्या सीझियमपैकी आज जेमतेम चतुर्थांश उरले आहे.

मोजणीची रीत

जलाशयाच्या तळात नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढतात व त्याचे थरवार काप करतात. ते वाळवून, चाळून हवाबंद डब्यात सुमारे महिनाभर ठेवतात. रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू निसटू नये आणि समतोल साधावा, हा त्यामागील हेतू. नंतर शिशाच्या जाड आवरणातील, द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या जर्मेनियम शोधकासमोर डबा ठेवतात. प्रत्येक द्रव्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठराविक असते. तीवरून द्रव्य ओळखले जाते. सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल. जगातील मातीत पोटॅशियमपासूनचा किरणोत्सर्ग किलोमागे सरासरी ४०० बेकरेलच्या आसपास आढळतो. ठाणे खाडीच्या गाळातील सीझियम भाभा अणु संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी मोजले आहे.

शेतीशी संबंध

सीझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून राहते. न नांगरलेल्या जमिनीत ते वरच्या काही सेंटिमीटरांत, तर नांगरटीच्या शेतात नांगराच्या खोलीपर्यंत मिसळलेले असते. ओढ्याच्या काठाच्या खोल मातीत ते जवळजवळ नसतेच. म्हणून गाळात सीझियम अधिक असेल, तर शेतांचा सुपीक थर वाहून जात आहे असा अर्थ निघतो, आणि समतल बांध हा उपाय ठरतो. ते फार कमी असेल, तर घळी व काठ ढासळत आहेत. तेथे नालाबांध हवेत.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे १९६३ चा थर तेथे सापडणार नाही. गाळाचे वय ठरविण्यास वातावरणातून सतत उतरणारे, २२ वर्षे अर्धायुष्याचे शिसे-२१० उपयोगी पडते. त्यावरून दरवर्षी किती गाळ साचला, याचा अंदाज बांधता येतो.

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली. तलावातील गाळ शेतात परत नेणे हिताचेच आहे. परंतु माती मुळात शेतातून जाऊच नये, हे त्याहून अधिक हिताचे. तिची वाट दाखविण्याचे काम हे मोजमाप करू शकते.