ठिपक्यांच्या चित्रांचा सुवर्णकाळ आणि आपले डोळे

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या पट्ट्यात १९९०च्या दशकात शाळेत असलेल्या पिढीला ‘मुस्तफा’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाचे नाणे टाकायचे आणि पिवळ्या टोपीच्या मुस्तफाला घेऊन डायनासोरच्या जगात शिरायचे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये काढलेल्या या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. आपल्याकडे मात्र तो त्यातल्या एका पात्राच्या नावानेच ओळखला गेला. घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि त्याची कॅसेट असे, त्यात मारिओ आणि कॉन्ट्रा हमखास सापडत.

ती पिढी आज चाळिशी ओलांडते आहे. अनेकजण चाकण, तळवडे, भोसरीच्या कारखान्यांत शिफ्ट करतात आणि त्यांची मुले मोबाइलवर खेळतात. अशा घरांत एक वाद हमखास होतो. ‘आमच्या वेळचे गेम चांगले होते,’ असे वडील म्हणतात आणि मुलांना ती जुनी चित्रे चौकटीचौकटींची, ओबडधोबड वाटतात. गंमत अशी, की दोघांचेही बरोबर आहे. त्याचे कारण चित्रकलेइतकेच नेत्रविज्ञानातही आहे.

तीन रंगांत माणूस

व्हिडिओ गेममधील सपाट, म्हणजे द्विमितीय चित्र ठिपक्यांचे बनते. निन्टेन्डोचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जपानमध्ये १९८३ साली आले. आपल्या बाजारातले बहुतेक टीव्ही गेम ही त्याचीच नक्कल होती. त्याच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके मावत. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला छोटा मारिओ १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेला असून त्याला रंग होते फक्त तीन. संपूर्ण खेळ ४० किलोबाइटचा, म्हणजे आज मोबाइलवर येणाऱ्या एका साध्या फोटोपेक्षाही लहान. जागा वाचवण्यासाठी त्यात ढग आणि झुडूप यांचा आकार एकच ठेवला आहे, फरक फक्त रंगाचा.

मारिओला टोपी आणि मिशी का, याचे उत्तर त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी अनेकदा दिले आहे. इतक्या कमी ठिपक्यांत केस आणि तोंड नीट काढता येत नव्हते. टोपीने केस झाकले आणि मिशीने तोंडाचा प्रश्न सोडवला. बाकीचे काम पाहणाऱ्याच्या मेंदूवर सोपवले.

मेंदू हे काम किती सहज करतो, हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. त्यांनी माणसाच्या खांदा, कोपर, गुडघा अशा मुख्य सांध्यांवर दहा-बारा प्रकाशबिंदू लावून त्याला अंधारात चालायला लावले. माणूस स्थिर असताना ते नुसते विखुरलेले ठिपके दिसत. पण तो चालू लागताच पाहणाऱ्यांना क्षणार्धात ‘माणूस चालतोय’ हे कळे. त्याआधी १९१२ मध्ये माक्स वेर्टहायमर यांनी दाखवले होते, की दोन रेषा ठरावीक गतीने आलटून पालटून दाखवल्या तर एकच रेषा हलल्यासारखी दिसते. धावणाऱ्या मारिओची चित्रे जेमतेम तीन आहेत. मधली धाव आपला मेंदू भरून काढतो.

मराठी माणसाला हे नवे नाही. वारली चित्रात दोन त्रिकोण आणि चार रेषा असतात, तरी तारपा नाचातला माणूस नाचताना दिसतो. सपाटपणा ही तिथे उणीव ठरत नाही.

शिखर कधी?

मग या कलेचे शिखर कोणते? जाणकारांत मतभेद आहेत, पण १९९३ ते १९९९ या काळाच्या बाजूने भक्कम पुरावा मांडता येतो.

त्या काळात तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे यंत्रांची ताकद वाढली. १९९०च्या ‘सुपर फॅमिकॉम’ला ३२,७६८ छटांमधून एका वेळी २५६ रंग दाखवता येत. त्याच वर्षीच्या ‘निओ जिओ’ यंत्रात एका वेळी ४,०९६ रंग मावत. दुसरी गोष्ट म्हणजे चित्रकारांचा हात तयार झाला होता. दहा वर्षे तीन-चार रंगांत काटकसर करून शिकलेल्या लोकांना आता भरपूर रंग मिळाले. ‘योशीज आयलंड’ (१९९५), ‘मेटल स्लग’ (१९९६), ‘कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट’ (१९९७) आणि ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’ (१९९९) ही त्याची उदाहरणे. कपड्याची घडी, श्वासाबरोबर हलणारी छाती, तोफेच्या धक्क्याने दचकणारे शरीर, सगळे हाताने ठिपका ठिपका मांडलेले. पार्लरमधला ‘मुस्तफा’ याच काळाच्या उंबरठ्यावरचा. म्हणजे पिंपरीच्या गल्लीत रुपया टाकणारा मुलगा नकळत त्या कलेच्या उत्तम नमुन्यासमोर उभा होता.

तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ती म्हणजे पडदा. तेव्हाचा टीव्ही काचेच्या जाड नळीचा होता. त्याच्या पडद्यावर ठिपक्याची कड धारदार दिसत नसे, शेजारचे रंग किंचित एकमेकांत मिसळत. चित्रकार हे गृहीत धरूनच काम करत. सेगा कंपनीच्या ‘सॉनिक द हेजहॉग’ (१९९१) मधला धबधबा म्हणजे प्रत्यक्षात बारीक उभ्या पट्ट्या आहेत. नळीच्या टीव्हीवर त्या एकमेकांत विरघळत आणि पारदर्शक पाणी दिसे. आजच्या मोबाइलवर किंवा सपाट टीव्हीवर तोच धबधबा पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. मुलांना जुने चित्र ओबडधोबड वाटते ते यामुळे. वडिलांनी पाहिलेले चित्र त्यांनी पाहिलेलेच नाही.

याला अंतराचीही जोड होती. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखू शकतो. नेत्रतपासणीतला ‘६/६’ हा आकडा याच मापावर ठरलेला आहे. दोन मीटरवरून पाहताना ही मर्यादा सुमारे ०.६ मिलिमीटर भरते. १४ इंची टीव्हीचा पडदा साधारण २८ सेंटिमीटर रुंद. त्यावर २५६ ठिपके म्हणजे एक ठिपका सुमारे १.१ मिलिमीटरचा, डोळ्याच्या मर्यादेच्या जेमतेम दुप्पट. त्यात नळीचा पसरट प्रकाश. ठिपके अर्धेमुर्धे मिसळून जात आणि उरलेले मेंदू जुळवून घेई.

डिसेंबर १९९४ मध्ये सोनीचे ‘प्लेस्टेशन’ जपानमध्ये आले आणि बाजार त्रिमितीय खेळांकडे वळला. सपाट चित्रे संपली नाहीत. कागदावर हाताने रेखाटलेला ‘कपहेड’ (२०१७) काहींच्या मते या कलेचा खरा कळस आहे. पुण्याच्या ‘नोडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा खेळ त्रिमितीय आहे, पण कथा सांगणारे त्यातले प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत सपाटच आहेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या बाहुल्या आठवाव्यात असे. तरीही मोजक्या ठिपक्यांत काम भागवायची सक्ती, भरपूर रंग आणि मऊ पडदा हे तिन्ही एकत्र पुन्हा आले नाहीत.

पडदा जवळ आला

आता मुद्दा आरोग्याचा. जुने खेळ डोळ्यांना चांगले होते, असा अर्थ कोणी काढू नये. नळीचा पडदा लुकलुकत असे आणि पार्लरमध्ये मुले पडद्याला चिकटूनच उभी राहत. पण तिथे रुपया संपला की खेळ संपे. घरी टीव्ही एकच, त्यावर बातम्या आणि मालिका पाहणारी मोठी माणसे रांगेत. मर्यादा आपोआप पडत होती.

मोबाइलवर दोन्ही बदलले. दोन मीटरवरच्या पडद्यावर नजर स्थिर करायला डोळ्याला अर्ध्या डायॉप्टरइतका जोर लागतो, २५ सेंटिमीटरवर चार डायॉप्टर. म्हणजे आठपट. लहान मुलांच्या डोळ्याचे भिंग इतके लवचीक असते, की दहा-पंधरा सेंटिमीटरवरही त्यांना स्पष्ट दिसते, म्हणून ती तक्रार करत नाहीत. चाळिशीत भिंग ताठर होते आणि वडील मोबाइल लांब धरतात, चाळशी शोधतात. मुलाचा डोळा मुकाट्याने राबत असतो, एवढाच फरक. शिवाय पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात.

मुलांमध्ये दूरचे न दिसण्याचा दोष, म्हणजे लघुदृष्टी, वाढण्यामागे जवळून पाहण्याचा वाटा आहे. पण सर्वांत ठोस पुरावा आहे तो उघड्यावरच्या उजेडाचा. चीनमधील ग्वांगझू येथील शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन वर्षांनी त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना लघुदृष्टी आली होती, इतर मुलांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. औषध नाही, खर्च नाही, फक्त मैदान.

आई-वडील दोघेही शिफ्टमध्ये असतील आणि घर दोन खोल्यांचे असेल, तर मूल मोबाइल घेऊन शांत बसते हे सोयीचे वाटते. त्यात पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण काही गोष्टी याही घरात जमतात. खेळायचेच असेल तर मोबाइलऐवजी टीव्हीवर, दोन मीटर अंतरावर बसून खेळू द्यावे. मोबाइल असेल तर किमान हातभर लांब आणि दर २० मिनिटांनी खिडकीबाहेर दूर पाहायला सांगावे. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपला असेल, तेव्हा मुलाला आवाज बंद करून मोबाइल देण्यापेक्षा सोसायटीच्या आवारात खेळायला पाठवावे. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास आणि ती जितकी कमी तितकी चांगली, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. एक वर्षाखालच्या बाळाला तर पडदा नकोच.

मूल टीव्हीच्या अगदी जवळ जात असेल, डोळे बारीक करून पाहत असेल, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत असेल, तर डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत होणाऱ्या तपासणीत दृष्टीचाही समावेश असतो. तिथून चिठ्ठी आली तर ती दप्तरात पडून राहू नये. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसूनही तो न थांबणे ही लक्षणे साधारण वर्षभर टिकली, तर तो आजार मानला जातो. ओरडून किंवा मोबाइल फोडून तो बरा होत नाही, डॉक्टरांचा सल्ला लागतो.

आणि एखाद्या रविवारी वडिलांनी मुलाला मारिओ दाखवावा, पण टीव्हीवर आणि लांब बसवून. अंतर वाढले की ठिपके एकमेकांत मिसळू लागतात, आणि वडील कशाबद्दल बोलत होते ते मुलाला थोडे तरी दिसते.